आजोबा एकटे आले नव्हते

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ५६. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. बायको विड्या वळते. थोरली मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, इथल्या एका दवाखान्यात तीन वर्षं नोकरी केली, मग पुण्यात राहून जर्मन शिकली. गेल्या वर्षी जर्मनीला गेली. स्टुटगार्टजवळच्या लहान गावात असते. तिच्या जाण्यासाठी पतसंस्थेचं पाच लाखांचं कर्ज काढलं, बायकोचे दागिने गहाण आहेत.

पहिले दोन महिने रोज फोन यायचा. मग कमी झाला. मध्यंतरी आईला म्हणाली की तिथे ती सिस्टर नाही, म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालते, त्यांचं सगळं काढते. रविवारी दिवसभर कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही, झोप लागत नाही. नंतर मला विचारलं, “नाना, मी परत आले तर चालेल का?” मी म्हणालो, “कर्ज कोण फेडणार?” तेव्हापासून कॅमेरा बंद ठेवते, दोन मिनिटांत फोन ठेवते.

मी तिला समजावतो. माझे आजोबा निजामाच्या राज्यातून, सिरिसिल्ल्याकडून, एक ट्रंक घेऊन सोलापूरला आले. मराठी येत नव्हती. गावच्या ओळखीच्या कारखान्यात मागाशेजारी झोपून दिवस काढले, कधी तक्रार केली नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले, लढाईत काम केलं. मग हिलाच काय झालं? बायको म्हणते, पोरीला बोलावून घ्या. गल्लीत पेढे वाटलेत. लोकांना काय सांगू?

– नाव छापू नये, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर

अण्णा, नमस्कार.

मुलीने तुम्हाला सरळ प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही. ‘परत आले तर चालेल का?’ यावर तुम्ही कर्जाचं काढलंत. तिने त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेतला आणि गप्प झाली.

तेव्हा बाकी सगळं नंतर. आज कामावरून आलात की तिला फोन लावा आणि एवढंच सांगा, ‘तू विचारलं होतंस ना, परत आले तर चालेल का? चालेल. कर्जावर सही माझी आहे, ते मी बघतो.’ पुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण अजून सहा महिने काढ’, ‘पण आईचे दागिने अडकलेत’ यातलं काही नको. ती रडली तर रडू द्या. फोनवर शांतता पसरली तरी ती भरून काढायची घाई करू नका.

असं म्हटलं तर पोरगी उद्याच बॅग भरेल, ही भीती तुम्हाला वाटणार. मला तसं वाटत नाही. पदवी घेऊन, नोकरी करून, मग परगावी राहून नवी भाषा शिकलेली मुलगी हलक्या काळजाची नसते. नुसतं निघून यायचं असतं तर तिने विचारलंच नसतं. तिला राहायचंही आहे आणि राहवतही नाही, म्हणून तिने वडिलांना विचारलं. घरी जागा आहे एवढं कळल्यावर तिथे काय चुकतंय आणि काय सुधारता येईल, याचा विचार ती थंड डोक्याने करू शकेल. आणि समजा आलीच, तर आली. त्याबद्दल खाली लिहिते.

आता आजोबांविषयी. त्यांचं नाव तुम्ही अभिमानाने घेता, घ्यायलाच हवं. सोलापूरचा पूर्व भाग अशाच आजोबांनी उभा केला आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत होती, त्याच काळात, १८७७ मध्ये, इथे जुनी मिल सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या, हातमाग वाढले आणि तेलंगणातली पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. तेव्हा तो परदेशच होता म्हणा ना! निजामाचं राज्य सोडून इंग्रजांच्या मुलखात यायचं. तिकडचं हाली नाणं वेगळं, इकडचं कलदार वेगळं. घरात तेलुगू, आणि बाहेर पडलं की बाजारात मराठी नाहीतर कन्नड.

पण तुमच्याच पत्रातले शब्द पुन्हा वाचा, ‘गावच्या ओळखीच्या कारखान्यात.’ म्हणजे ट्रंक एकच असली तरी आजोबा एकटे आले नव्हते. त्यांच्याआधी गावचं कुणीतरी इथे येऊन बसलेलं होतं. कारखानदार तेलुगू बोलणारा, शेजारच्या मागावरचा माणूस तेलुगू बोलणारा. ताप आला तर कपाळावर हात ठेवून ‘काय झालं रे’ म्हणून त्यांच्याच भाषेत विचारणारं कुणीतरी होतं. मार्कंडेय मंदिर होतं, नारळी पौर्णिमेचा रथ होता, लग्न जुळवायला आणि वेळ आली तर खांदा द्यायलाही समाज होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काम ओळखीचं होतं. माग सिरिसिल्ल्यात माग होता आणि सोलापुरातही माग होता. त्यांना कुणी असं म्हटलं नाही की तुमचं विणकाम इथे धरत नाही, आधी वर्षभर नुसत्या कांड्या भरा, मग परीक्षा द्या, मग मागावर बसवायचं की नाही ते बघू.

त्यांचे हाल झाले नाहीत असं मी म्हणत नाही. मागाशेजारी झोपायचं म्हणजे रात्रभर सुताची धूळ छातीत जायची. कारखानदाराची उचल अंगावर असायची आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाता यायचं नाही. (ही उचल लक्षात ठेवा, मुलीच्या करारात ती पुन्हा भेटण्याची शक्यता आहे.) आजोबांनी तक्रार केली नाही असं तुम्ही लिहिता. नातवापाशी केली नसेल. आजीपाशी केली असेल, गावाहून आलेल्या भावापाशी केली असेल. जे टिकले नाहीत ते गावी परत गेले असणार. त्यांच्या गोष्टी तुमच्या-माझ्या कानावर येत नाहीत, कारण त्यांची नातवंडं सोलापुरात नाहीत. जे राहिले त्यांच्याच घरात ‘आमचे आजोबा डगमगले नाहीत’ हे सांगितलं जातं, आणि तेच ऐकत आपण मोठे होतो.

डॉ. कोटणीसांचं उदाहरणही नीट बघू. १९३८ साली ते चीनला गेले ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातलं त्यांचं शिक्षण तिथे कुणी बाजूला ठेवायला लावलं नाही, गेले ते डॉक्टर म्हणूनच गेले. चिनी भाषा ते तिथे काम करता करता शिकले. १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी तिथल्याच नर्सशी, कुओ छिंगलान यांच्याशी, त्यांनी लग्न केलं. कष्ट भयंकर होते, पण तिथल्या लोकांना ते हवे होते आणि लोक ते दाखवत होते. तरीही ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते तिथेच वारले. भैय्या चौकातल्या स्मारकासमोर आपण अभिमानाने हात जोडतो, मीही जोडते. पण झोप उडालेल्या मुलीला समजावताना हे उदाहरण देऊ नये, अण्णा. त्यांच्या गोष्टीचा शेवट तिलाही ठाऊक आहे.

तिला जवळची वाटेल अशी गोष्ट केरळच्या मुलींची आहे. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चच्या ओळखीने केरळमधल्या तरुण मुली जर्मनीला नर्सिंगसाठी गेल्या, कारण तिथल्या रुग्णालयांना माणसं हवी होती. १९७० च्या दशकात तिथे नोकऱ्या आटल्या, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत आणि त्यांना परतावं लागलं. ज्या राहिल्या त्यांनी लग्न करून नवरे नेले, तर त्या नवऱ्यांना काही वर्षं काम करायचीच परवानगी नव्हती. शिकलेली माणसं घरात बसून मुलं सांभाळत होती आणि बायका रात्रपाळ्या करत होत्या. तरी त्यांनी घरं केली. आज तिथे मल्याळी मंडळी पाय रोवून आहेत, पण त्यामागे एकमेकींच्या घरी जाणं आहे, चर्चमधली रविवारची भेट आहे, एकीने दुसरीचा अर्ज भरून देणं आहे. तुमच्या मुलीच्या रविवारी यातलं काहीच नाही.

‘अंघोळ घालते’ याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण तिचं अर्धं दुःख त्यातच आहे आणि तुमचीही त्याबद्दल गल्लत झाली आहे. आपल्याकडे दवाखान्यात सिस्टर इंजेक्शन देते, सलाइन लावते, नोंदी ठेवते. अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे घरची माणसं नाहीतर मावश्या करतात. जर्मनीत नातेवाईक भेटून जातात, रुग्णाच्या उशाशी मुक्काम करत नाहीत. तिथे अंघोळ, जेवण, कूस बदलणं हे सगळं नर्सिंगच समजलं जातं आणि तिथेच शिकलेली, पूर्ण पात्रतेची नर्ससुद्धा ते करते. पाठीची कातडी कुठे लाल पडली आहे, कालपेक्षा आज पायावर सूज जास्त आहे का, हे अंघोळ घालताना हाताला आणि डोळ्याला कळतं. त्यामुळे या कामाची लाज तिने बाळगू नये आणि तुम्ही तर अजिबात बाळगू नये.

खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. तिची पदवी तिथे अजून धरलेली नाही. नर्सिंग हा तिथे कायद्याने बांधलेला पेशा आहे. परदेशातून आलेल्या नर्सची पदवी आणि अनुभव तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि काय कमी पडतं ते लेखी कळवतात. ती उणीव भरून काढायला एकतर कामाबरोबरचं ठरावीक मुदतीचं प्रशिक्षण पुरं करायचं किंवा परीक्षा द्यायची. तोवर ती मदतनीस, आणि पगारही मदतनिसाचा. ते पार पडलं की पूर्ण नर्स म्हणून परवाना मिळतो आणि पगार वाढतो. म्हणजे सध्याची अवस्था कायमची नाही. पण वॉर्ड सांभाळलेल्या मुलीला आपल्याहून लहान सहकारीण ‘हे असं नाही, तसं कर’ म्हणते, तेव्हा ‘हे तात्पुरतं आहे’ हा विचार फारसा उपयोगी पडत नाही. त्यात भाषा. स्टुटगार्टच्या बाजूला म्हातारी माणसं श्वेबिश बोली बोलतात. पुण्याच्या वर्गात शिकवतात ती जर्मन आणि या आजीबाईंची जर्मन यांत खूप अंतर आहे. तेलुगू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा बोलणारी तुमची मुलगी दिवसातून कितीतरी वेळा ‘काय म्हणालात?’ विचारत असेल आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची आठी बघत असेल. तिला आपण मठ्ठ आहोत असं वाटू लागलं असेल, तर ते या थकव्यातून आलेलं आहे. तिला हे तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आणि घरी सगळ्यांना काय सांगितलं आहे? मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, असंच ना? तुम्ही ते कौतुकाने सांगितलंत, पण आता ते खोटं तिलाच सांभाळावं लागतं. मामाने फोन केला तरी, मैत्रिणीने फोटो मागितला तरी. निदान घरातल्या चार माणसांपुरतं तरी तिला त्यातून मोकळं करा.

झोपेचं हलक्यावर घेऊ नका. तिला थेट विचारा. किती दिवस झोप नाही, जेवतेस काय, जीव नकोसा होतो का. हा शेवटचा प्रश्न विचारायला आई-बाप घाबरतात, पण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाली, तर त्याच दिवशी तिच्या जवळ राहणाऱ्या कुणालातरी तिच्याकडे पाठवायला हवं. तातडीसाठी तिथला क्रमांक ११२ आहे. ‘टेलेफोनझेलझोर्गे’ नावाची फुकट, नाव न विचारणारी फोनसेवा तिथे दिवसरात्र चालते. ‘नाही’ म्हणाली तरी तिने तिच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन झोपेचं सांगायलाच हवं. आरोग्य विमा तिथे सक्तीचा आहे, तेव्हा डॉक्टरच्या फीची काळजी नको. डॉक्टरने आजारपणाची रजा लिहून दिली तर सहा आठवड्यांपर्यंत मालकाला पगार द्यावाच लागतो. आपल्या मुली रजा मागायला भितात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. हिवाळ्यात तिकडे आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारला अंधार पडतो. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाचं मन त्याने खचतं, हेही डॉक्टरला सांगण्यासारखं आहे. तुम्हा दोघांच्या जिवाची घालमेल फार झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मन जरा स्थिर झालं की कागद. तिच्याकडून नोकरीचा करार, पदवीत काय कमी आहे ते कळवणारं पत्र आणि राहण्याच्या परवान्याचे फोटो मागवा. जाब विचारायला म्हणून नव्हे, एका घरातली माणसं मिळून बघायला म्हणून. प्रशिक्षण किंवा परीक्षा कधी, त्याची तारीख लेखी आहे का? परवाना किती तारखेपर्यंत आहे? आणि उचल आठवते ना? ‘अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर इतके युरो परत करावे लागतील’ असं कलम काही करारांत असतं. ते असेल तर ती घाबरून बसली असण्याची शक्यता आहे. पण अशी सगळीच कलमं तिथल्या कायद्यापुढे टिकत नाहीत. हे तपासून द्यायला ‘फेअरे इंटेग्रात्सिओन’ ही सल्लाकेंद्रं आहेत. ती परदेशी कामगारांना पगार, पाळ्या, करार यांबद्दल फुकट सल्ला देतात. याशिवाय कारितास, डियाकोनी यांसारख्या संस्था नव्याने आलेल्यांसाठी मोफत सल्ला चालवतात, तिथे घर, अर्ज, भाषावर्ग सगळ्याची मदत मिळते. ज्या एजंटाने पाठवलं त्याच्याच शब्दावर विसंबू नका. तो चांगला असेलही, पण त्याचा व्यवहार तिच्या मालकाशी आहे. एक धोका मात्र सांगून ठेवते. रागाच्या भरात राजीनामा देऊ देऊ नका. अशा परवान्यात राहणं नोकरीशी आणि प्रशिक्षणाशी जोडलेलं असतं. जागा बदलता येते, पण आधी सल्ला, मग राजीनामा.

कर्जाचं थोडक्यात. हप्ता थकण्याआधी पतसंस्थेत जा आणि मुदत वाढवून मागा. थकल्यावर गेलात की बोलण्याची ताकद जाते. खासगी सावकाराकडे एक रुपयासाठीही जाऊ नका. मुलीला खरा हिशोब सांगा. किती फिटलं, किती राहिलं, महिन्याला तिच्याकडून किती हवेत. तिचा परवाना होईपर्यंत यापलीकडे काही मागायचं नाही, आणि चुलत भावाच्या मोबाइलची, कुणाच्या लग्नातल्या आहेराची मागणी तुम्ही दारातच थांबवायची. तिच्या कानावरही जाऊ द्यायची नाही.

फोनचं तुमच्या बायकोवर सोपवा. तिकडच्या उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. सकाळची पाळी करून ती दुपारी खोलीवर येते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते आणि विड्यांचं सूप बाजूला ठेवून आईला बसता येतं. तेवढा वेळ आई आणि लेक, तेलुगूत, मध्ये कुणी डोकवायचं नाही. आईने उपाय सुचवू नयेत. आज कोण काय बोललं, कुणाचा राग आला, एवढं ऐकावं. परदेशात गेलेल्या मुलीला दिवसभर जपून बोलावं लागतं, चुकीचं व्याकरण, चुकीचा सूर. दिवसातून एकदा तरी न जपता बोलायला मिळावं.

पार्सल पाठवा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पोचेपर्यंत टिकतात. तूप, पेढे, दुधाचं काहीही घालू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. घरच्या भेटीची किंमत ४५ युरोच्या आत असेल तर तिला जकात पडत नाही, म्हणून डब्यावर किंमत खरी आणि नीट लिहा. चटणी जास्त घाला, शेजारच्या खोलीतल्या मुलीला द्यायला. फिलिपिन्सची असेल, केरळची असेल, ती मुलगीही बहुतेक रविवारी एकटीच असते.

रविवारी तिथे दुकानं बंद, रस्ते सुने. आपल्याकडे दार उघडं ठेवलं की शेजारी येतो, तिथे ओळख आधी ठरवून करावी लागते. तिथल्या लोकांच्या ओळखी बऱ्याचदा गावच्या मंडळांतून होतात. गाण्याचं मंडळ, चालायला जाणाऱ्यांचं, बॅडमिंटनचं. तिला यातलं काय आवडेल ते तिचं ती ठरवेल. स्टुटगार्टमध्ये मराठी आणि तेलुगू माणसं सण करतात, महिन्याच्या एका पासवर लोकलगाडीने जाता येतं. पण नुसते सण पुरत नाहीत. चालत जाता येईल इतक्या अंतरावर, ताप आल्यावर दार ठोठावता येईल अशी दोन माणसं हवीत. त्यासाठी वेळ लागेल, आणि त्या वेळात तुमच्याकडून ‘अजून ओळखी झाल्या नाहीत का?’ हा प्रश्न जायला नको.

आता परत येण्याचं. तिच्याबरोबर एक तारीख ठरवा, आणि ती तिने सुचवलेली असू द्या. प्रशिक्षण संपेल ती, परीक्षेचा निकाल लागेल ती, नाहीतर येता उन्हाळा. तोवर वरची कामं करायची, मग पुन्हा बोलायचं. त्या वेळीही ‘यायचं’ म्हणाली, तर नीट यावं. करारातल्या मुदतीप्रमाणे नोटीस द्यावी आणि मालकाकडून कामाचं प्रमाणपत्र घ्यावं. ते लेखी मागणं हा तिथल्या कामगाराचा हक्क आहे. जर्मन भाषेचं प्रमाणपत्र आणि तिथला अनुभव घेऊन आलेल्या नर्सला इथे काम मिळतं, पुढे वाटलं तर पुन्हा जाताही येतं. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, लोक इस्रायलला गेले, तिथे वागणूक कमीपणाची मिळाली म्हणून त्यांच्यातल्या काहींनी धरणं धरलं आणि १९५२ मध्ये एक गट भारतात परत आला. त्यातले बरेच जण नंतर पुन्हा तिकडे गेले आणि तिथे राहिले. तुमच्या बायकोला हे जरूर सांगा. ती म्हणते ते चूक नाही, फक्त कधी यायचं हे मुलीला ठरवू द्या.

गल्लीत काय सांगायचं, हे विचारलंत. जे खरं आहे ते सांगा. ‘तिकडे नर्सचा परवाना मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं, ती म्हाताऱ्या माणसांचं करते, काम जड आहे, परीक्षा व्हायची आहे.’ हे सांगताना आवाज खाली करायचं कारण नाही. तुमच्याच गल्लीत अजून दोन-चार मुली नर्सिंग करून जर्मन शिकत असतील, त्यांच्या आई-बापांना हे खरं आधी कळायला हवं. तुमच्या मुलीला ते जाण्याआधी कुणी सांगितलं होतं का, हेही तिला एकदा विचारा.

आधी फोन करा. मग करारातलं ते कलम आणि पदवीबद्दलचं पत्र हाती आलं की, नाव-पत्ता झाकून, मला पाठवा. सल्लाकेंद्रात नेमकं काय विचारायचं, त्याचे प्रश्न मी तिच्यासाठी मराठीत लिहून देते.

तुमची,
ताई